बारा बिटांपैकी एक गिटचा, उरलेले ईटीसीकीपरचे

नवा सर्व्हर हातात आला की आधी एसएसएचचं, म्हणजे दुरून सर्व्हरवर शिरण्याच्या सोयीचं, पासवर्ड लॉगिन बंद करायचं आणि लगेच ईटीसीकीपर टाकायचं, हा माझा ठरलेला क्रम आहे. कोल्हापुरात बसून मी पतसंस्था, एक छापखाना, एक शाळा आणि काही लहान उद्योगांचे लिनक्स सर्व्हर सांभाळतो. बहुतेक ठिकाणी डेबियन किंवा उबुंटू, एका ठिकाणी अल्मालिनक्स. मशीन कुठलंही असो, हे टूल त्यावर असतंच. तरी त्याच्याबद्दल मी कधी कुणाला सविस्तर सांगितलं नव्हतं, कारण सुरळीत चालू असताना ते दिसतच नाही. मध्यंतरी एका पतसंस्थेत ऑडिटच्या वेळी त्याच्यावरून बरंच बोलणं झालं. म्हटलं, आता लिहूनच टाकावं, तक्रारींसकट.

आधी ओळख. लिनक्स सिस्टिमच्या बहुतेक सेटिंग्जच्या फाइली /ईटीसी या डिरेक्टरीत असतात. ती अख्खी डिरेक्टरी व्हर्जन कंट्रोलमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाचा इतिहास राखणाऱ्या प्रणालीत, ठेवणाऱ्या शेल स्क्रिप्टांचा संच म्हणजे ईटीसीकीपर. जोई हेस यांनी २००७ मध्ये तो लिहायला घेतला. डेबियनवाल्यांना हे नाव डेबहेल्परमुळे माहीत असतं, बाकीच्यांना गिट-अ‍ॅनेक्समुळे. फुकट आहे, जीपीएल परवान्याखाली आहे. आत गिट, मर्क्युरिअल, बझार किंवा डार्क्स यांपैकी कुठलीही व्हर्जन कंट्रोल प्रणाली वापरता येते. उबुंटूने एकेकाळी बझार डिफॉल्ट ठेवलं होतं, आता सगळीकडे गिटच. एपीटी, डीएनएफ, पॅकमन, झिपर या सगळ्या पॅकेज मॅनेजरना, म्हणजे सॉफ्टवेअर टाकणाऱ्या प्रोग्रामना, ते जोडून घेतं. पॅकेज टाकण्याआधी /ईटीसीत कमिट न केलेलं, म्हणजे इतिहासात न नोंदलेलं, काही पडलेलं असेल तर ते कमिट करतं, पॅकेज टाकून झालं की त्याने केलेले बदल वेगळे कमिट करतं. शिवाय दिवसातून एकदा, कुणी काही बदलून तसंच सोडलं असेल तर तेही उचलतं. डेबियनवर पॅकेज टाकलं की रिपॉझिटरी, म्हणजे इतिहासाचा साठा, आपोआप तयार होते. अल्मावर ईपीईएल या जादा पॅकेजांच्या साठ्यातून घ्यावं लागतं आणि 'ईटीसीकीपर इनिट' व पहिलं कमिट आपल्या हाताने करावं लागतं. ते विसरून नुसतं पॅकेज टाकून ठेवलेले सर्व्हर मी पाहिले आहेत.

इथवर वाचून कुणीही विचारेल की यात विशेष काय? /ईटीसीत जाऊन 'गिट इनिट' मारलं की झालं. पतसंस्थेतल्या आयटी बघणाऱ्या पोरानंही हेच विचारलं होतं. उत्तर परमिशनमध्ये आहे, आणि ते जरा खोलात जाऊन सांगावं लागतं.

युनिक्सच्या फाइलीला परमिशनचे बारा बिट असतात. मालक, ग्रुप आणि बाकी जग, प्रत्येकाला वाचणं, लिहिणं, चालवणं, असे नऊ. वर सेटयूआयडी, सेटजीआयडी आणि स्टिकी हे तीन. ०६४० किंवा ४७५५ असे जे चार आकडी अंक आपण परमिशन बदलणाऱ्या सीएचमॉड कमांडला देतो, ते हेच बारा बिट. याशिवाय फाइलचा मालक कोण आणि ग्रुप कुठला, ही माहिती वेगळी.

गिट यातलं किती ठेवतं? एक बिट. मालकाला फाइल चालवता येते की नाही, एवढाच.

गिटमध्ये फाइलचा मजकूर ब्लॉब म्हणून साठतो. ब्लॉबला स्वतःचं नाव नसतं आणि परमिशनही नसते. नाव आणि मोड असतात ट्री ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे त्या डिरेक्टरीच्या यादीत. तिथे साध्या फाइलपुढे १००६४४ लिहिलेलं असतं, चालवता येणाऱ्या फाइलपुढे १००७५५, सिमलिंकपुढे (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी फाइल) १२००००, उपडिरेक्टरीपुढे ४०००० आणि सबमॉड्यूलपुढे (आत ठेवलेली दुसरी रिपॉझिटरी) १६००००. आकडे बघून वाटतं की पूर्ण परमिशन नोंदली आहे. तसं मुळीच नाही. फाइल तुमच्या डिस्कवर ६०० असो, ६४० असो की ४४४, गिटच्या वहीत ती ६४४ म्हणूनच जाते. मालकाचा एक्झिक्यूट बिट लागलेला दिसला तर ७५५. तिसरा पर्याय नाही. डिरेक्टरीचं तर त्याहून कठीण: ४०००० या आकड्यात परमिशनची जागा सरळ शून्य आहे. रिकामी डिरेक्टरी गिट नोंदतच नाही, म्हणून लोक आत '.गिटकीप' नावाची रिकामी फाइल टाकून वेळ मारून नेतात. त्या नावाला गिटमध्ये काहीही अर्थ नाही, 'चहा' असं नाव दिलं तरी चालेल.

आणि फाइल परत काढताना? चेकआउट करताना, म्हणजे साठ्यातून ती बाहेर काढताना, गिट ती नव्याने तयार करतं, ६६६ किंवा ७७७ मागतं आणि त्यावर तुमचा युमास्क, म्हणजे नव्या फाइलीतून कुठले परमिशन बिट वगळायचे ते सांगणारा आकडा, लागतो. युमास्क ०२२ असेल तर ६४४ मिळेल, ००२ असेल तर ६६४, ०७७ असेल तर ६००. म्हणजे परत आलेल्या फाइलची परमिशन ठरते ती काढणाऱ्या माणसाच्या शेलवरून. मूळ फाइलशी तिचा संबंध नाही. मालकही तोच, जो चेकआउट करतोय.

हा गिटचा दोष आहे का? माझ्या मते नाही. एप्रिल २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्सने गिट लिहायला घेतलं तेव्हा अगदी सुरुवातीला सगळे बिट जपले जात होते. पण लिनक्सच्या गाभ्यावर, कर्नलवर, काम करणारी माणसं जगभर पसरलेली, प्रत्येकाचा युमास्क वेगळा. ज्याचा ००२ त्याच्याकडे फाइल ६६४, ज्याचा ०२२ त्याच्याकडे ६४४. मजकुरात एक अक्षर इकडचं तिकडे न होता फाइल बदललेली दिसणार. सोर्स कोडसाठी ही नुसती कटकट. म्हणून लवकरच एका बिटाखेरीज सगळं काढून टाकलं. त्या काळाची खूण अजून आहे: १००६६४ असा जुना मोड दिसला तर 'गिट एफएससीके' नेहमीच्या तपासणीत तो खपवून घेतं, कडक तपासणीत मात्र बोट ठेवतं. सोर्स कोड कुठल्याही मशीनवर, कुठल्याही माणसाच्या नावावर उतरायचा असतो. तिथे 'ही फाइल शॅडो ग्रुपची' असं म्हणण्यात काही अर्थच नाही.

बरं, यात गिट एकटं नाही. जवळपास सगळे फिरून त्याच एका बिटावर आले आहेत. मर्क्युरिअलच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे फाइलींच्या यादीत, फाइलपुढे एक्झिक्यूटसाठी एक अक्षर आणि सिमलिंकसाठी एक, बाकी काही नाही. फॉसिलचंही तेच. सबव्हर्जनमध्ये 'एसव्हीएन:एक्झिक्यूटेबल' नावाची प्रॉपर्टी लावतात. तिची किंमत काय हे कुणी बघत नाही, ती असली की झालं. सबव्हर्जनचं एक मात्र चांगलं, तिथे डिरेक्टरीला स्वतःचं अस्तित्व आहे, त्यामुळे रिकामी डिरेक्टरीही नांदते. परफोर्समध्ये फाइलच्या प्रकारालाच 'अधिक एक्स' असं जोडतात. डार्क्स परमिशन साठवतच नाही. हवं असेल तर, ज्या फाइलीची सुरुवात स्क्रिप्टच्या '#!' खुणेने होते तिला चालवण्याजोगी करून देतं. मला ही युक्ती आवडते, आळशी आहे पण बहुतेक वेळा बरोबर येते.

सगळ्यात विचित्र सीव्हीएस. तिथे सर्व्हरवर प्रत्येक फाइलीची एक इतिहास-फाइल असते, आणि कामाच्या फाइलीचा एक्झिक्यूट बिट या इतिहास-फाइलीच्या स्वतःच्या परमिशनमधून येतो. पहिल्यांदा फाइल टाकताना जे होतं ते होतं. पुढे बदलायचं तर सर्व्हरवर लॉगिन करून त्या इतिहास-फाइलीलाच सीएचमॉड करायचं. म्हणजे परमिशन बदलली तर ती सगळ्या जुन्या आवृत्त्यांचीही बदलली, आणि कधी, कुणी बदलली याचा माग शून्य. इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत ज्या गोष्टीला इतिहास नाही ती नेमकी परमिशन. ज्यांनी सीव्हीएस पाहिलंच नाही त्यांचं काही बिघडलेलं नाही.

आता हे सगळं /ईटीसीला लावून बघा. डेबियनवर 'शॅडो' फाइल, जिच्यात पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूप) असतात, ती ०६४०, मालक रूट (सर्व अधिकार असलेला युजर), ग्रुप शॅडो. नुसत्या गिटने जुनी आवृत्ती काढली की ती ०६४४ होऊन येते, मशीनवरचा कुठलाही युजर वाचू शकतो. एसएसएचच्या होस्ट-की, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या कीज, ०६०० असाव्या लागतात. ०६४४ झाल्या तर सर्व्हरवरचा एसएसएच प्रोग्राम, एसएसएचडी, 'या कीज मी घेणार नाही' म्हणतं, आणि एकही की उरली नाही तर सुरूच होत नाही. सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आणि तुम्ही राजारामपुरीत असलात की याची मजा कळते. युमास्क ००२ ठेवून काढलं तर लॉगरोटेटच्या (जुने लॉग आवरणारं टूल) फाइली ग्रुपला लिहिता येण्याजोग्या होतात आणि लॉगरोटेट त्या वगळतं, लॉग वाढत राहतो. ठरल्या वेळी कामं चालवणारं डेबियनचं क्रॉनही क्रॉन.डीमधली अशी फाइल चालवत नाही. मग घाबरून युमास्क ०७७ केला तर पोस्टग्रेस या डेटाबेसच्या फाइली रूटच्या मालकीच्या आणि ०६०० होतात, पोस्टग्रेस स्वतःचीच सेटिंग वाचू शकत नाही. 'एपीटी/प्रेफरन्सेस.डी' सारख्या डिरेक्टरी बहुधा रिकाम्या असतात, त्या तर येतच नाहीत. सिमलिंक तेवढे बिनबोभाट येतात, कारण लिंक कुठे जाते हा मजकूरच ब्लॉबमध्ये असतो. सिमलिंकनी भरलेली 'अल्टरनेटिव्ह्ज' डिरेक्टरी त्यामुळे सुखरूप.

ईटीसीकीपरचं खरं काम इथे सुरू होतं, आणि ते इतकं साधं आहे की पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. प्रत्येक कमिटच्या आधी ते /ईटीसी चाळतं आणि '.ईटीसीकीपर' नावाची एक फाइल लिहितं. ही फाइल म्हणजे शेल स्क्रिप्ट. आत प्रत्येक फाइलीसाठी एक ओळ:

मेबी सीएचमॉड ०६४० 'शॅडो'

मालक किंवा ग्रुप रूट नसेल तर आणखी एक-दोन ओळी:

मेबी सीएचग्रुप 'शॅडो' 'शॅडो'

रिकाम्या डिरेक्टरींसाठी 'एमकेडिर -पी'. बस. ही फाइल बाकीच्या फाइलींसारखीच गिटमध्ये जाते. 'मेबी' हे एक छोटं शेल फंक्शन आहे: फाइल जागेवर असेल तरच पुढची कमांड चालव, नसेल तर गप्प बस. पुढे रिपॉझिटरीतून काही परत काढलं की 'ईटीसीकीपर इनिट' म्हणायचं. ते ही स्क्रिप्ट चालवतं आणि सगळ्या परमिशन जागेवर येतात.

डेटाबेस नाही, बायनरी फॉरमॅट नाही. अगदी सुरुवातीला या कामासाठी मेटास्टोअर नावाचा वेगळा प्रोग्राम वापरला जायचा, त्याची नोंद-फाइल बायनरी होती. ते सोडून साध्या मजकुरावर आले हे उत्तम झालं, कारण परमिशन मजकूर झाली की ती डिफमध्ये, म्हणजे दोन आवृत्त्यांतला फरक दाखवणाऱ्या यादीत, दिसते. वजा चिन्हाच्या ओळीत ०६००, अधिक चिन्हाच्या ओळीत ०६४४. गिटला परमिशन कळत नाही, पण ओळी उत्तम कळतात, ओळींच्या भाषेत बोललं की झालं.

दुसरी बारीक पण मोलाची गोष्ट: मालक आणि ग्रुप नावाने लिहिलेले असतात, क्रमांकाने नाही. डेबियनमध्ये सिस्टिम युजरना क्रमांक पॅकेज टाकण्याच्या क्रमाने मिळत जातात. एका मशीनवर पोस्टग्रेसचा जो क्रमांक, तोच दुसऱ्यावर वेगळ्याच कुणाचा तरी. क्रमांक साठवले असते तर नव्या मशीनवर पोस्टग्रेसच्या फाइली भलत्याच डीमनच्या (पार्श्वभूमीला चालणाऱ्या प्रोग्रामच्या) ताब्यात गेल्या असत्या.

आता पतसंस्थेची गोष्ट. ऑडिटर मॅडमनी सर्व्हरवर एक फाइल दाखवली. रात्रीचा बॅकअप ज्या शेअरवर जातो त्याचं युजरनेम आणि पासवर्ड तिच्यात. परमिशन ०६४४.

"ही सगळ्यांना वाचता येते," मॅडम म्हणाल्या. "कधीपासून?"

मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी आयटीच्या पोराकडे, पोरानं स्क्रीनकडे. साध्या सर्व्हरवर या प्रश्नाला उत्तर नसतं. 'एलएस' आजची परमिशन सांगतं, कालची नाही. मी '.ईटीसीकीपर' या एका फाइलचा लॉग डिफसकट काढला, आत त्या फाइलीचं नाव शोधलं. तीन आठवड्यांपूर्वीच्या एका रात्री ०६०० ची ०६४४ झाली होती. त्याआधी पहिल्या दिवसापासून ०६००. मॅडमनी तारीख लिहून घेतली, आणखी एकदा स्क्रीन बघितला आणि म्हणाल्या, "हे प्रत्येक फाइलचं आहे?" हो, म्हटलं, /ईटीसीतल्या प्रत्येक.

पोराला मी नंतर बाजूला घेतलं. "त्या दिवशी काय केलं होतंस रे?"

"काही नाही दादा. पासवर्ड टाकताना चुकला होता, म्हणून गिट चेकआउट करून आदली फाइल परत आणली. आली की बरोबर."

"फाइल आली. परमिशन कुठली आली?"

त्याला इनिटचं माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर यात पोराला दोष देण्यात अर्थ नाही, कारण इथेच ईटीसीकीपरची सगळ्यात मोठी खोट आहे. परमिशन लिहून ठेवण्याचं काम आपोआप होतं, परत लावण्याचं होत नाही. कमिटच्या आधी चालणारा हुक (आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट) ते स्वतः बसवतं. चेकआउटच्या नंतर चालणारा हुक मात्र बसवत नाही. माहितीपत्रकात लिहिलं आहे की दुसरी आवृत्ती काढल्यावर इनिट चालवा. पण माहितीपत्रक सर्व्हर बंद पडल्याच्या रात्री कोण वाचतं?

आणि पुढचं त्याहून वाईट. समजा तुम्ही फाइल काढली, ती ०६४४ झाली, इनिट राहिलं. रात्री रोजचं आपोआप कमिट चालतं. ते काय करणार? डिस्कवर जे आहे तेच खरं मानून '.ईटीसीकीपर'मध्ये ०६४४ लिहिणार. आता इनिट चालवलं तरी उपयोग नाही, चुकीची परमिशनच अधिकृत झाली. पतसंस्थेत नेमकं हेच घडलं होतं. इतिहासात जुनी ओळ असते हे खरं, पण ती शोधायला कुणीतरी विचारावं लागतं.

शिवाय रात्रीच्या त्या कमिटला लेखक म्हणून रूट. सुडोने, म्हणजे रूटचे अधिकार तात्पुरते घेऊन, हाताने कमिट केलं तर ईटीसीकीपर सुडो करणाऱ्याचं नाव घेतं, ते छान आहे. पण आपोआप कमिटमध्ये कुणाचं नाव येणार? मॅडमना तारीख मिळाली, माणूस मिळाला नाही. पोरानं स्वतः सांगितलं म्हणून कळलं. म्हणून आता माझ्या सर्व्हरांवर मी सेटिंगच्या फाइलीत दोन गोष्टी बदलतो. रोजचं आपोआप कमिट बंद. आणि पॅकेज टाकण्याआधीचं आपोआप कमिटही बंद, म्हणजे /ईटीसीत काही अर्धवट पडलेलं असेल तर एपीटी पुढेच जात नाही, आधी कमिट कर म्हणतं. सुरुवातीला सगळे शिव्या देतात. मग सवय होते, आणि कमिटच्या संदेशात 'प्रिंटरचा आयपी बदलला, गोविंदरावांच्या सांगण्यावरून' असं काहीतरी वाचायला मिळू लागतं, जे रात्रीच्या आपोआप कमिटच्या ठरावीक संदेशापेक्षा शंभरपट कामाचं.

चेकआउट आणि इनिट यांच्या मधल्या काळाचं काय, हा प्रश्न उरतोच. इनिट लगेच केलं तरी मधले काही सेकंद 'शॅडो' उघडी असते. काही जण चेकआउटआधी युमास्क ०७७ करा म्हणतात. गुपितं झाकली जातात, पण 'पासडब्ल्यूडी' (passwd) नावाची युजरच्या यादीची फाइल, जी सगळ्यांना वाचता यायलाच हवी, तीही त्यात आली तर तेवढ्या वेळात युजरची नावं कुणालाच कळत नाहीत. मी थेट /ईटीसीत अख्खी आवृत्ती कधीच मागे नेत नाही. रूटच्या घरात, ०७०० डिरेक्टरीत रिपॉझिटरीचा क्लोन (नक्कल) काढतो, तिथून हवी ती एक फाइल 'इन्स्टॉल -एम' ने मोड, मालक आणि ग्रुप सांगून जागेवर ठेवतो. मोड काय हवा ते '.ईटीसीकीपर' मध्ये शोधून. हळू पद्धत आहे, पण यात फाइल चुकीच्या परमिशनने जागेवर येतच नाही.

बाकीच्या तक्रारी पटापट. एसीएल (युजरनिहाय जादा परवानग्यांची यादी) आणि एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूट (फाइलीला चिकटवलेली जादा माहिती) नोंदले जात नाहीत. अल्मावर एसईलिनक्स या सुरक्षा-व्यवस्थेचे लेबल 'रिस्टोअरकॉन' ने पुन्हा लावता येतात, एसीएलला मात्र असा कुणी वाली नाही. हार्डलिंक (एकाच फाइलीचं दुसरं नाव) दिसली की इशारा मिळतो, जपली जात नाही. दोन मशीनच्या शाखा एकत्र करायला गेलात तर '.ईटीसीकीपर' मध्ये हमखास कॉन्फ्लिक्ट. ते सोडवू नका, डिस्कवर परमिशन नीट करा आणि फाइल पुन्हा बनू द्या. डिफ वाचताना त्या फाइलीची गर्दी होते हेही खरं, एक मोठं पॅकेज टाकलं की ओळीच ओळी.

आणि एक इशारा, तक्रार नव्हे. या रिपॉझिटरीत 'शॅडो' आहे, होस्ट-की आहेत, टीएलएसच्या खासगी कीज आहेत, आणि गिटच्या इतिहासातून त्या सहज जात नाहीत. ईटीसीकीपर स्वतः '.गिट' डिरेक्टरी ०७०० करून ठेवतं, शहाणपणाचं आहे. पण सेटिंगमध्ये कमिट झाल्यावर दुसरीकडे पुश करण्याची, म्हणजे प्रत पाठवण्याची, सोयही दिलेली आहे. ती सोय कुठल्याही सार्वजनिक किंवा सामाईक गिट सर्व्हरकडे वळवू नका. 'प्रायव्हेट रिपॉझिटरी आहे ना' हे उत्तर मला चालत नाही. मी पुश करतो ते फक्त संस्थेच्याच दुसऱ्या मशीनवर, एसएसएचवरून.

मग अनेक सर्व्हरांच्या सेटिंग्ज एकदम लावणारं अ‍ॅन्सिबल का नाही, असं तरुण मंडळी विचारतात. वापरा, जरूर वापरा. चाळीस सारखे सर्व्हर असतील तर तेच हवं. तिथे परमिशन गिटच्या भरवशावर नसतेच, प्रत्येक फाइलीपुढे मोड, मालक, ग्रुप आपण स्वतः लिहितो. फक्त मोड अवतरणात लिहा. अवतरणाशिवाय आणि पुढच्या शून्याशिवाय नुसतं ६४४ लिहिलं तर ते दशमान धरलं जातं, आणि दशमान ६४४ म्हणजे अष्टमान १२०४. मालकाला फक्त लिहिता येतं, ग्रुपला काहीच नाही, जगाला वाचता येतं, वर स्टिकी बिट. अशी फाइल कुणी मुद्दाम मागून बनवणार नाही. पण माझ्याकडचे सर्व्हर एकमेकांसारखे नाहीत. छापखान्यातला तर मालकांच्या भाच्याने लावलेला, त्याने कुठे काय केलंय ते त्यालाही आठवत नाही. अशा ठिकाणी 'काय असायला हवं' हे लिहिणारं टूल नंतर, आधी 'काय आहे आणि कधी बदललं' हे लिहिणारं लागतं. कंटेनरमध्ये मात्र ईटीसीकीपर टाकू नका, तिथे /ईटीसी प्रत्येक वेळी इमेजमधून नवीनच येते.

/ईटीसीबाहेरही ते वापरता येतं, '-डी' देऊन दुसरी डिरेक्टरी दाखवायची. शाळेच्या सर्व्हरवर वेबसाइटच्या डिरेक्टरीसाठी करून पाहिलं. चालतं, पण तिथल्या अपलोडच्या फाइलींनी नोंद-फाइल फुगली आणि मी ते काढून टाकलं. ज्या कामासाठी बनवलंय त्यालाच वापरावं.

मार्क द्यायचे तर पाचपैकी चार. कापलेला एक मार्क पूर्ण त्या नसलेल्या चेकआउट-हुकचा. पतसंस्थेत तो हुक मी स्वतः लिहून बसवला आहे, आत एकच ओळ, इनिट चालवणारी. 'गिट रिसेट' केलं तर तो चालत नाही, हे पोराला बजावून ठेवलंय. हुकची फाइल '.गिट' डिरेक्टरीच्या आत असते, त्यामुळे ती ना गिटमध्ये जाते ना '.ईटीसीकीपर' मध्ये. नव्या मशीनवर ती हाताने ठेवायची, आणि ठेवल्यावर तिला एक्झिक्यूट बिट लावायचा. नाही लावला तर गिट हुक चालवत नाही.